माझ्या वाट्याचा मासा

घरात जरासा धूर झाला की छताला लावलेली ती पांढरी डबी बोंबलायला लागते. अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे येऊन मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्या डबीने मला सुखाने एक बांगडा भाजू दिलेला नाही. माणूस मेला तरी इथे कुणी एवढ्या मोठ्याने रडत नाही, पण कढईतून वाफ निघाली की डबी छाती पिटते.

मागच्या महिन्यात मी नीरफणस आणला. आमच्या कोकणात त्याला विलायती फणसही म्हणतात. इथल्या देशी दुकानात शेवयांचे सतरा प्रकार मिळतात, हा मिळत नाही. बसने दोन गावं पलीकडे एका जमैकाच्या माणसाचं दुकान आहे, तिथे टोपलीत दिसला. हिरवा, अंगावर बारीक खवले, देठाशी चीक वाळलेला. मी हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. दुकानदार काहीतरी बोलला, मी काहीतरी बोललो, दोघांचं जमलं. मला इंग्रजी येत नाही असं घरातले म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलो आणि जहाजावर खलाशी म्हणून जगातल्या बंदरांवर फिरून आलो, मला कुठे काही अडलं नाही.

घरी येऊन तो अख्खाच्या अख्खा गॅसवर ठेवला. आमच्याकडे त्याचे काप करतात; हा कापायचा नाही, सोलायचा नाही. साल काळी पडत जाते, चीक चरचरतो, देठातून वाफ शिट्टी घालते, आणि मग तो वास येतो. भाजलेल्या भाकरीचा, ओल्या लाकडाचा, आणि त्याच्यामागे कुठेतरी गोड. पन्नास वर्षांनी तो वास नाकात गेला आणि मी ओट्याला धरून उभा राहिलो. दोन श्वास घेतले असतील नसतील, डबी सुरू.

जावई नितीन नागपूरचा. तो टॉवेल घेऊन धावत आला आणि डबीखाली वारा घालू लागला.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"जेवण करतोय."

"पण हे जाळून काय राहिले?"

"फणस आहे."

"असा असते का फणस?"

"तुमच्याकडे नसेल. तुमच्याकडे संत्री. ती भाजत नाहीत."

माझी मुलगी ज्योती वरच्या खोलीतून जिन्यात आली. कानाला यंत्र. "बाबा, मी कॉलवर आहे. अख्ख्या टीमला वाटलं घराला आग लागली."

"मग सांग त्यांना, लागली नाही."

डबी गप्प झाल्यावर मी साल फोडली. आत पांढराशुभ्र गर, वाफाळलेला. तिघांनी ओट्याशी उभं राहून खाल्ला. नितीन म्हणाला, पावासारखा लागतो. ज्योती म्हणाली, बटाट्यासारखा. या देशात आलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशासारखी तरी लागते. मग ज्योती म्हणाली, "हे तुम्ही त्या बेटावर खायचात ना? काय काय खावं लागलं हो तुम्हाला."

"खावं लागलं नाही," मी म्हटलं. "मिळालं."

तिने ऐकलं नाही. कॉलवर परत गेली. मी मात्र त्या एका शब्दावर अडकून बसलो ते अजून सुटलेलो नाही.

त्या बेटाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की समोरचा खिशातून फोन काढतो आणि ते बेट मलाच दाखवतो. वरून काढलेला फोटो, निळ्या पाण्यात नखाएवढा हिरवा ठिपका. म्हणतो, काका, इथे तर विमानतळ आहे. असेल. मी होतो तेव्हा नव्हता. जहाज कसं फुटलं तेही विचारू नका. पन्नास वर्षं लोक तेवढंच विचारतात: वादळ होतं का, खडक होता का, चूक कुणाची. जहाज फुटलं, मी वाचलो, वाहत त्या बेटाला लागलो, पाय मोडला होता. कंपनीची तार घरी गेली, त्यात 'बेपत्ता' लिहिलं होतं. एवढं पुरे. त्यानंतर जे होतं ते कुणीच विचारत नाही.

त्यानंतर गाज होती. बेटाभोवती प्रवाळाचं कडं, त्यावर समुद्र दिवसरात्र फुटायचा. माझ्या गावच्या किनाऱ्यावरही गाज असते, पण ती येते आणि जाते. ही थांबायचीच नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं डोकं फुटेल. पुढे एकदा समुद्र कसा कोण जाणे घटकाभर निपचित पडला, तर बेटावरचं सारं गाव बाहेर येऊन उभं राहिलं.

सकाळ झाडूच्या आवाजाने व्हायची. माडाच्या हिरांचा खराटा, अगदी आमच्यासारखा, आणि बायका वाकून अंगण झाडायच्या. अंगण म्हणजे पांढरी वाळू आणि प्रवाळाचा चुरा. झाडल्यावर त्यावर रेघा उमटायच्या आणि पहिलं पाऊल कुणाचं पडलं ते दिवसभर दिसायचं. घरांना भिंती नव्हत्या. केवड्याच्या पानांची छपरं, खांब, खाली चटया. पाऊस आला की त्या पानांवर असा वाजायचा, जसं कुणी दूरवर तांदूळ पाखडतंय. बायकांच्या केसांना खोबरेल तेल, त्यात कसलीतरी फुलं घालून ठेवलेली. संध्याकाळी शंख वाजला की सगळ्यांनी घरात बसून प्रार्थना करायची, बाहेर कुणी हिंडायचं नाही. मी हिंडलो. मी काय त्यांच्या देवाचा नव्हतो. सालोमेने मला कान धरून आत आणलं.

सालोमे म्हणजे मला ज्या घरात ठेवलं त्या घराची बाई. तेव्हा पन्नाशीची असेल, मला म्हातारी वाटायची. रुंद पाठ, पायाचे पंजे फताडे, हसली की पोट आधी हलायचं. घरात तिचा आंधळा सासरा आणि एक विधवा मुलगी. माझा पाय तिनेच बांधला, माडाच्या झावळीचा दांडा लावून. बांधताना मी ओरडलो तर तिने माझ्या तोंडात नारळाची कातळी कोंबली.

आता वाट्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

मी रापणीवाल्यांच्या गावचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते लांब सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून चाळीस-पन्नास माणसं वाळूत टाचा रोवून ओढतात. जाळं काठाला लागलं की मासळीचे वाटे पडतात. नियम एकच. दोरीला हात लागला त्याला वाटा. सख्खा भाऊ काठावर उभा राहिला आणि दोरीला हात लावला नाही, तर त्याला शेपटीसुद्धा नाही. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा पहिल्यांदा दोरीला लटकलो आणि मला अर्धा वाटा मिळाला, चार बांगडे. ते मी आईच्या हातात दिले तेव्हा जी ऐट आली ती पुढे कशानेच आली नाही.

त्या बेटावरही दिवस मावळताना मासळी काठावर यायची. हिरव्या झावळ्या पसरून त्यावर ओतायचे. मासे अजून उडत असायचे. एका डोळ्याचा एक म्हातारा हातात काठी घेऊन उभा राहायचा आणि हाका द्यायचा. घराचं नाव, मग तोंडं किती. अमक्याच्या घरी सहा. तमक्याच्या घरी नऊ. दोरी कुणी ओढली, होडीत कोण होतं, याच्याशी काही संबंध नाही. कालचं तान्हं पोर असलं तर तेही तोंड, मरायला टेकलेला म्हातारा असला तर तेही तोंड. सालोमेच्या घरी तीन, हे मी पहिल्या संध्याकाळी चटईवर पडल्या पडल्या ऐकलं. भाषा कळत नव्हती, पण तो बोटं दाखवायचा.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने चार बोटं दाखवली.

सालोमेने माझ्यासमोर मासा ठेवला. पानात गुंडाळून तापल्या दगडांवर भाजलेला, वर नारळाचा रस. मी दोन दिवसांचा उपाशी. आणि मी तो परत सारला. मी दोरीला हात लावला नव्हता. मोडक्या पायाने फुकटचं खाणारा माणूस मी नव्हतो, आमच्या घरात तसं कुणी नव्हतं. तिने पुन्हा ठेवला. मी पुन्हा सारला. तिसऱ्यांदा मी तोंड फिरवून झोपलो. मला वाटलं, आता कळलं असेल यांना मी कोण आहे ते.

काही वेळाने मान वळवून पाहिलं तर सालोमेने घरातले चारही मासे पानात बांधले होते आणि ते घेऊन ती काठावर चालली होती. परत द्यायला. त्यांची रीत अशी की घरातल्या एका तोंडाने वाटा नाकारला तर साऱ्या घराचा वाटा परत जातो. आंधळा सासरा भिंत नसलेल्या घरात खांबाला टेकून बसला होता. त्याला दात नव्हते, दिवसातून तो तेवढंच एकदा पोटभर खायचा. सगळी उपाशी झोपली आणि माझ्यावर कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. तिसऱ्या संध्याकाळी मासा समोर आला तेव्हा मी काट्यासकट खाल्ला.

त्यावरून गावाने मला नाव पाडलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'परत देणारा'. पोरं लांबून ओरडायची, बायका विहिरीवर हसायच्या. पाय बरा झाल्यावर मी जाळं ओढायला जायला लागलो तर आणखीच हसले. मी रापणीसारखा ओढायचो, दात खाऊन, टाचा रोवून. एका डोळ्याचा म्हातारा म्हणाला, "हळू रे परत देणाऱ्या. कोण तुझं जेवण पळवतंय?" तोवर मला तेवढं समजायला लागलं होतं. मी आणखी जोरात ओढलं.

तीन महिन्यांत पाय इतका ठीक झाला की गावातल्या एका लग्नात मी नाचलो. हे इथे मुद्दाम लिहितो.

इथल्या आमच्या मराठी मंडळाने या वर्षी माझी पंचाहत्तरी करायचं ठरवलं. मला न विचारता. मंडळाचा एक पुण्याचा मुलगा आहे, ओंकार, उत्साही, वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतो. तो लॅपटॉप घेऊन घरी आला.

"काका, तुम्ही फक्त दहा मिनिटं बोला. बाकी स्लाइड्स आम्ही केल्यात. हे बघा टायटल."

पडद्यावर समुद्र, एकटं नारळाचं झाड आणि अक्षरं: 'बाबांचा वनवास. निर्जन बेटावर अकरा महिने.'

"निर्जन?" मी म्हटलं. "तीनशे माणसं होती."

"हो काका, पण म्हणजे... इमोशनली निर्जन."

मी ज्योतीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. टायटल तिचं होतं. तिच्या आईने तिला लहानपणापासून सांगितलेली गोष्ट तीच: बाबा तिथे हाल सोसत होते, आई गावी वाट बघत होती. ती गोष्ट ऐकत ती वाढली, शिकली, परदेशात आली. अडचण आली की म्हणते, आईने अकरा महिने काढले, मला काय झालंय. त्या गोष्टीवर तिचं घर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

"काका, टाइमलाइनसाठी विचारतो," ओंकार म्हणाला. "बोट कितव्या महिन्यात आली?"

"दुसरी बोट अकराव्या," मी म्हटलं.

तो टाइप करत राहिला. ज्योतीचा हात मात्र चहाच्या कपावर थांबला. ओंकार निघून गेला, तिने कप विसळले, ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला नवा सदरा घ्यायला गाडीतून घेऊन निघाली तेव्हा सिग्नलला म्हणाली, "दुसरी म्हणजे काय, बाबा? पहिली कधी आली होती?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. दुकानं, दुकानांपुढे गाड्या, गाड्यांपुढे गाड्या. पन्नास वर्षांत हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नव्हता, तिच्या आईनेसुद्धा नाही.

"चौथ्या," मी म्हटलं.

चौथ्या महिन्यात बोट आली होती. सकाळी शंख वाजला तो अवेळी, म्हणून सगळी काठावर धावली. प्रवाळाच्या कड्याबाहेर एक गंजकी बोट उभी. तिच्यातून रॉकेल, पीठ, कापडाचे तागे, डब्यातलं मांस उतरलं आणि सुक्या खोबऱ्याची पोती चढली. तो रॉकेलचा वास, ताग्यांच्या खळीचा वास, माझ्या ओळखीच्या जगाचा वास होता तो. शाळामास्तराच्या घरी वायरलेसचं एक यंत्र होतं खरं, पण ते कधीचं बंद पडलेलं, त्यावर टॉवेल वाळत घालायचे. म्हणजे बोट आली तरच बाहेरच्याला काही कळणार. बोटीचा कप्तान गावात आला, टोपी काढून नारळाचं पाणी प्याला. माझ्यासमोरून दोनदा गेला. मी कमरेला फडकं गुंडाळलेला, उन्हाने काळा, डोक्याला तेल. त्याने मला ओळखायचं कारण नव्हतं. गावकऱ्यांनी त्याला सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगितलंच नाही. मी त्यांच्या मोजणीत होतो, मग परका माणूस सापडला म्हणून सांगायचं कुणाबद्दल?

एक शब्द मी बोललो असतो तर पुरे होता. दिवसभर तो तोंडात होता.

दिवस मावळताना बोटीने भोंगा दिला. त्याच वेळी काठावर एका डोळ्याच्या म्हाताऱ्याने हाका द्यायला सुरुवात केली. मी घरात जाऊन माझ्या जागी बसलो. सालोमेच्या घरी चार. पान उघडलं, वाफ आली. दुसरा भोंगा झाला. मी खात होतो. आंधळा म्हातारा माझ्या शेजारी बसून कसलीशी गोष्ट सांगत होता, मला निम्मी कळत होती, मी हसत होतो. मग गाजेखाली इंजिनाचा आवाज लांब लांब गेला आणि गेला.

का, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नाही.

ज्योतीने एका दुकानाच्या आवारात गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. "म्हणजे सात महिने," ती म्हणाली.

"सात महिने."

"पाय बरा होता?"

"नाचलो होतो."

"चिठ्ठी तरी."

"चिठ्ठीत काय लिहायचं? मी येत नाही म्हणून?"

मग पुढचंही सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नव्हता. दहाव्या महिन्यात कधीतरी बोलता बोलता मी सालोमेला म्हटलं होतं की गावी माझी बायको आहे. ती नारळ खोवत होती. बसायच्या लाकडाला पुढे पातं, आमच्या आडाळीसारखंच. तिचा हात थांबला नाही. तिने विचारलं, तुझ्या घरी तोंडं किती? मी म्हटलं, दोन, बायको आणि आई. तिने दोन बोटं धरून बघितली, बराच वेळ. पुढच्या महिन्यात दुसरी बोट आली. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा माझ्या जागी बसलो आणि काठावरून हाक आली. सालोमेच्या घरी तीन.

भांडण नाही, निरोप नाही. माझ्यासमोर पान आलं नाही. आंधळ्या म्हाताऱ्याने चाचपडत माझा गुडघा शोधला, त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मी उठलो आणि बोटीकडे चालत गेलो. सालोमे पाठमोरी बसून मासा खात होती. तिची पाठ मला आजही दिसते. तेव्हा मला इतका राग आला होता की बोट सुटल्यावरही मी मागे वळून बघितलं नाही.

"आणि घरी आलात," ज्योती म्हणाली.

घरी आलो. उन्हाळ्याची दुपार होती. अंगणात सुकत घातलेली मासळी आणि तिच्यामागे ज्योतीची आई. ती रडली नाही, आधी मला चिमटा काढून बघितला. रडली माझी आई. मग बायकोने पाणी दिलं आणि तांब्या घेताना तिचा हात मला लागला. ओळखीचा हात नव्हता तो. तळव्याला आडवे घट्टे, उजव्या हाताला मधोमध एक जुनी चीर, नीट न भरलेली. रापणीची दोरी बाईमाणसाने ओढायची आमच्याकडे रीत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "दोरी ओढल्याशिवाय वाटो कोण देता?" भाऊबंद तिला मंगळसूत्र उतरवायला सांगत होते. ती म्हणाली, माणूस मेल्याचं दाखवा, मग उतरवते. आणि पहाटे जाऊन पुरुषांच्या रांगेत दोरीला लागली. दोन तोंडांसाठी.

रात्री नव्हे, तिथेच, अंगणात, तिने मला विचारलं होतं, "थय तुमचे लय हाल झाले असतले?"

मी म्हटलं, "होय."

त्या एका होकारावर तिने मला चाळीस वर्षं, ती जाईपर्यंत, माशाचा मधला तुकडा वाढला. सण असो, पाहुणे असोत, दिवस वाईट असोत. मी म्हणायचो, तू घे. ती म्हणायची, तुम्ही थय उपाशी राहिलात. मी ताट सारलं तर ती स्वतः जेवायची नाही. मी खायचो. काय करणार होतो?

गाडीत उकडायला लागलं होतं. ज्योती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. तिचे हात तिच्या आईसारखे नाहीत, मऊ आहेत, पण बोटं तीच.

"तिच्या हातावरची ती चीर," ती म्हणाली. "मी लहानपणी बोट फिरवायचे त्यावरून. विचारायचे, हे काय गं. ती म्हणायची, तुझ्या बाबांना समुद्रातून ओढून आणलं ना, त्याची खूण."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर ती असं कधी बोलली नव्हती.

"उद्या हेच बोला," ज्योती म्हणाली.

"माझी पंचाहत्तरी आहे का कोर्ट?"

"टायटल मी काढून टाकते. वनवास आईचा होता. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, हार घाला, फोटो काढा. मी तिथे तिची गोष्ट पुन्हा खोटी सांगणार नाही."

"तू मला शिकवू नको."

"नाही शिकवत." तिने गाडी सुरू केली. सदरा घ्यायचा राहिलाच, दोघांपैकी कुणाला आठवलं नाही.

मी जुन्याच सदऱ्यात गेलो. शाळेचा हॉल, पंख्याला आवाज नाही, चाळीसेक माणसं. मला हार घातला. स्लाइडवर फक्त माझं नाव होतं. ओंकारने माइक हातात दिला आणि मी बोललो ते चार वाक्यांत संपलं. बोट चौथ्या महिन्यात आली होती. मी मासा खात बसलो. घरी माझी बायको वाट्यासाठी दोरी ओढत होती, आणि मी तिला कधी सांगितलं नाही. ओंकार नंतर म्हणाला, काका, भाषण लिहून द्या, स्मरणिकेत घेऊ. भाषण तेवढंच होतं. बाकीचं हे.

टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. ओंकारने माइक घेतला, "किती प्रामाणिक, म्हणजे खरंच," म्हणाला आणि जेवण तयार आहे असं सांगून टाकलं. मागून एका गृहस्थाने विचारलं, "काका, तिथे शार्क होते का?"

"होते," मी म्हटलं. माणसं कुठेही गेली तरी तीच.

अशा समारंभात मी खुर्चीवर बसतो आणि ज्योती माझं ताट आणून देते. सहा वर्षांत एकदा चुकलेलं नाही. मी बसलो. नितीनने दुरून माझ्याकडे पाहिलं, मग ज्योतीकडे, आणि तो पोळ्यांच्या डब्याशी उगाच काही करू लागला. ज्योती एक रिकामं ताट घेऊन रांगेत उभी राहिली. एकच ताट.

मी थोडा वेळ हाराची फुलं कुरतडत बसलो. राग आला, तो येतोच. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच समारंभात. मग हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गुडघ्यांवर हात दाबून उठलो. टेबलावरून ताट घेतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

"काका, तुम्ही कशाला," पुढचा मुलगा म्हणाला. "तुम्ही बसा, मी आणतो ना."

"नको," मी म्हटलं. "उभा राहतो."

ज्योती माझ्यापुढे नऊ माणसांवर होती. तिने मागे पाहिलं नाही. मी हाक मारली नाही. रांग एकेक पाऊल सरकत होती आणि तिच्या मागोमाग मीही सरकत होतो.